पंधरावा प्रश्न

लातूर, २४ जुलै २०२५

…पदराची गाठ सोडून तिनं गोळ्यांची रिकामी पट्टी काढली, काउंटरवर ठेवली आणि वर पंख्याकडे बघत उभी राहिली. वैजनाथकाकांनी पट्टी उलटी करून पाहिली. मागच्या खणातून तसलीच भरलेली काढली, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून पुढं सरकवली. ती पायऱ्या उतरल्यावर मी वहीत लिहिलं: क्रमांक सात. रिकामी पट्टी. बाई स्वतः.

दीपमालावहिनी, तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझ्या माहेरचा, भोकरचा पत्ता तुझ्या आणि दादाच्या लग्नपत्रिकेवरून घेतला.

मी आता बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजनं आम्हाला एकेका मेडिकलवर शिकायला पाठवलंय. मी गंजगोलाईच्या बाजाराजवळ आहे. वैजनाथकाका तिथले मालक आणि फार्मासिस्ट. बावीस वर्षं ते त्या काउंटरमागं उभे आहेत. पहिल्या दिवशीच म्हणाले, "अक्षरा, तू फक्त बघायचं. बोलायचं काम माझं. अन् पंख्याखालची खुर्ची बी माझी."

आम्ही नऊजण एक काम करतो आहोत. गौरी-महालक्ष्म्यांच्या आधी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या कोण नेतं, कशी मागतं, देताना दुकानदार काय विचारतो, हे नोंदवायचं. मग गावांत जाऊन बायकांशी बोलायचं, आणि शेवटी औषध दुकानदारांच्या संघटनेपुढं एक मागणी ठेवायची. काय मागायचं, ते अजून ठरलेलं नाही.

मला नवल वाटतं ते मागण्याच्या पद्धतीचं. गोळीचं नाव कुणी घेत नाही. एकीनं मोबाइलमधला फोटो दाखवला. एकजण तळहातावर पेनानं नाव लिहून आला होता, घामानं अर्धं पुसलेलं. त्यानं हात काचेवर उताणा ठेवला आणि दुसरीकडं बघत राहिला. एक म्हातारी म्हणाली, "ती देवाची गोळी द्या." एक मुलगी म्हणाली, "अठरा द्या," आणि काकांना तेवढ्यावर कळलं. तापाची गोळी लोक तशीच हातात घेऊन जातात. ही कागदात जाते. मी काकांना विचारलं, कागद कशाला? ते म्हणाले, "मी दुकानात आलो तवापासून तसंच हाय."

उद्या श्रावण लागतो. काका म्हणतात, हे काहीच नाही, गणपतीच्या आठवड्यात बघ.

सोबत एक फॉर्म पाठवते. चौदा प्रश्न आहेत. मी आणि पुनमनं मिळून काढलेत; पुनम माझ्या वर्गात आहे, खोलीतही. नाव लिहायचं नाही. गोळीनंतर त्रास झालेल्या बाईचं उत्तर आमच्याकडं एकही नाही. तिकीट लावलेला लिफाफा आत आहे.

दोन वर्षांपूर्वी तुझं ते झालं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला नुकतीच गेले होते. मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

घरी सगळे बरे आहेत. दादा तुझं नाव काढत नाही. आई अजून तेच सांगते, की गोळ्या तूच कुठून तरी आणून खाल्ल्यास. मी त्यात पडत नाही.

अक्षरा

लातूर, ३ ऑगस्ट

वहिनी,

उत्तर आलं नाही. पोस्टात गहाळ झालं असेल, असं दोन दिवस धरून चालले.

काल रेणापूरकडच्या एका गावात गेलो होतो. शाळेच्या खोलीत साठेक बायका जमल्या. पुनमनं चार्ट टांगला आणि सुरू केलं, "मासिक पाळीचं चक्र हे साधारणपणे अठ्ठावीस दिवसांचं असून…" पुढच्या रांगेतली म्हातारी म्हणाली, "बाई, चक्र असू द्या. गोळ्या आणल्यात का?"

सगळ्या हसल्या. पुनम म्हणाली, "आम्ही वाटायला नाही आलो, मावशी. सांगायला आलोय."

"मंग च्या तरी पाजा. नुसतंच सांगून काय पोट भरतंय?"

हसणं थांबल्यावर एकेक बोलू लागली. तिथं एका घरात तिघी जावा मिळून एक पट्टी आणतात, कात्रीनं तीन तुकडे करतात. कुणाची तारीख कधी, ते सासू सांगते. तिच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. दुधाचा खाडा झाला की फुली, आणि सुनांसाठी टिंब. मोठीला एक, मधलीला दोन, धाकटीला तीन. मला ते कॅलेंडर बघायचं होतं. धाकटी म्हणाली, "बघायला काय, या की. पर सासूबाई तुमचं बी टिंब मांडतील."

मी विचारलं, "गोळी घ्यायच्या आधी पोटात काही नाही ना, हे कोण बघतं?"

मधली म्हणाली, "कामून बघायचं? असलं तर कळंलच की."

पुढचे प्रश्न पुनमनं विचारले. मी चार्ट गुंडाळत बसले.

वहिनी, मागच्या पत्रात लिहिलं की मला काही माहीत नव्हतं. ते खरं नाही. पाळीचं चक्र आम्हाला पहिल्या वर्षालाच होतं. परीक्षेत आकृती आली होती, पाचपैकी चार मार्क पडले होते. पाळी लांबली तर आधी काय बघायचं, ते मला माहीत होतं.

झालं ते क्रमानं लिहिते. नोंद अशीच करायला आम्हाला शिकवतात, आपलं मत मध्ये न घालता.

पूजेच्या पाच दिवस आधी आई मला म्हणाली, "तिची अजून आली न्हाई. आता नेमकी पूजेला यायची. तुझ्या कालेजाजवळून गोळ्या आण." मी आणल्या. दुकानदारानं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. तुझ्या हातात दिल्या. तुमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तोवर काही नव्हतं, त्यामुळं दुसरी शक्यता घरात कुणी बोललं नाही. पूजेनंतर विसाव्या दिवशी तू दवाखान्यात होतीस. दुसरा महिना होता.

तू घरी आल्यावर बायका भेटायला आल्या. आई त्यांच्यासमोर म्हणाली, "आमाला न इचारता तिनंच कुठून तरी आणल्या." दादा दारात उभा होता. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तू माझ्याकडं बघितलंस. मी कप पुढं केले.

आठ दिवसांनी तू भोकरला गेलीस. तेव्हापासून दादाला एवढंच माहीत आहे, जेवढं आई म्हणाली.

फॉर्म पुन्हा एक पाठवते.

अक्षरा

लातूर, १६ ऑगस्ट

वहिनी,

फॉर्म मिळाला. पुनमसमोर उघडला नाही. हॉस्टेलच्या गच्चीवर नेला, तिथं कपडे वाळत होते, त्यांच्या मागं उभी राहून वाचला.

चौदाही उत्तरं भरलीस. "गोळी कोणी आणून दिली?" यापुढं आम्ही चार चौकोन काढले होते: स्वतः, पती, घरातील अन्य व्यक्ती, शेजारी. तू तिसऱ्यात खूण करून पुढं "नणंद" लिहिलंस. "गोळीनंतर काय त्रास झाला?" यापुढं तीन शब्द आहेत. ते इथं पुन्हा लिहीत नाही. "ही गोळी पुन्हा घ्याल का?" यापुढं नुसती रेघ.

खाली जागा कोरी होती. तिथं तू १५ असा आकडा घातलास आणि प्रश्न लिहिलास: तुम्हाला घ्यायची होती का?

पुढं उत्तर: नाही. थांबू का, असं मी विचारलं होतं.

हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नव्हता. आम्ही नऊजणांनी तो फॉर्म वाचला होता, दोन सरांनी वाचला होता, दवाखान्यातल्या एका मॅडमनी तपासून दिला होता. मी पुनमला म्हणाले, भोकरच्या एका बाईनं प्रश्न वाढवलाय. हा आपल्याकडून सुटला कसा?

ती म्हणाली, "जी नेते तिला हवी असणार, असं धरलं आपण."

मग आम्ही वह्या काढल्या. तोवर त्रेपन्न नोंदी झाल्या होत्या. त्यांतल्या अकराच बायकांनी स्वतः नेलेल्या. बाकीच्या नवरा, सासू, जाऊ, दीर, नणंद यांनी. हे सगळं पहिल्या दिवसापासून आमच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. कोण नेतं, हे आम्ही मोठ्या आवडीनं लिहीत होतो. मी त्या तळहातावाल्या माणसाबद्दल तुला किती रंगवून लिहिलं. त्याच्या घरी कोण आहे, तिला काय वाटतं, हे माझ्या मनातही आलं नाही.

आता ते लिहिते, जे मागच्या दोन्ही पत्रांत लिहिलं नाही.

तू स्वयंपाकघरात पुरणाची डाळ निवडत होतीस. मी गोळ्या दिल्या. तू म्हणालीस, "अक्षू, चार दिवस वर गेलेत गं. दोन दिवस थांबून बघू का?" मी म्हणाले, "मग तर आजच सुरू कर. उशीर झालाय म्हणजे आता केव्हाही येईल." त्या वर्षी घरात औषधातलं कळणारी मीच होते. काकूच्या गुडघ्यापासून दादाच्या ॲसिडिटीपर्यंत सगळे मला विचारायचे, आणि मला सांगायला आवडायचं.

तू का थांबू म्हणत होतीस, ते मला कळलं होतं का, यावर मी दोन वर्षं उलटसुलट विचार केला. कळलं होतं. तुझा चेहरा बघून कळलं होतं. मग आई आत आली आणि मी वेलदोड्याचं काहीतरी बोलले.

गेल्या वर्षी हार्मोन्स शिकायला आले तेव्हा मी लायब्ररीत बसून मिळेल ते वाचलं. एका डॉक्टर मॅडमना नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवसांत असं आपोआपही होतं, पुष्कळ बायकांना होतं. गोळीमुळंच झालं असं म्हणता येत नाही, आणि गोळीचा काहीच संबंध नाही असंही मी तुला लिहून देणार नाही." त्या दिवशी मी पोटभर जेवले. तुझा फॉर्म वाचल्यावर लक्षात आलं, की हे तू मला कधी विचारलेलंच नाहीस.

आणि तुझं उत्तर मी आकड्यांत धरलेलं नाही. ते आमच्या कामाचं आहे, असं पुनम म्हणाली. मी म्हणाले, त्या बाईला विचारायला पाहिजे. तर विचारते आहे.

अक्षरा

लातूर, २६ ऑगस्ट

वहिनी,

तुझं एका ओळीचं कार्ड मिळालं. "वापरा. नाव नको." नाव कुठंही नाही.

उद्या गणपती. दुकानात दिवसभर रांग आहे. काका म्हणाले होते तसंच. या आठवड्यात एवढं झालंय की कुठून सुरू करू कळत नाही.

रविवारी संघटनेची बैठक होती. एका मंगल कार्यालयात, वर झुंबर, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या. आम्ही आमची मागणी वाचली: ही गोळी देताना चार गोष्टी विचाराव्यात. पाळीचा कितवा दिवस आहे. दिवस राहिले असण्याची शक्यता आहे का. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ किंवा लिव्हरचा आजार कधी होता का. आणि जिला घ्यायची तिला स्वतःला घ्यायची आहे का.

सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी द्यायचीच नाही, असा कायदा आहे. तुम्ही म्हणता, देताना चार प्रश्न विचारा. म्हणजे आम्ही बिनचिठ्ठीची देतो, हे कागदावर कबूल करायचं?"

मला हे सुचलंच नव्हतं. खरंच अडचण होती. मी वहीत लिहून घेतलं.

मागून एकजण म्हणाला, "अन् चौथा प्रश्न कोनत्या पुस्तकात हाय, पोरींनो? गिऱ्हाईक आलं अन् त्याला 'तुमाला पाहिजे का' म्हनून इचारनारा दुकानदार दाखवा मला." सगळे हसले. पुनम लाल झाली. म्हणाली, "सर, चिठ्ठी बघूनच देत असाल तर आमचं काही म्हणणंच नाही. तसं देता का?" हसणं थांबलं. विषय "विचारार्थ" ठेवला गेला आणि भजी आली.

सोमवारी सकाळी वैजनाथकाकांनी एका खोक्याचं झाकण फाडून त्यावर मार्करनं लिहिलं आणि काचेवर आतून चिकटवलं: पाळीची गोळी चिठ्ठीवरच. आणि ज्या बाईला घ्यायची तिच्याशी बोलून. मला म्हणाले, "आता तू बोलायचं. मी बघतो."

अर्धी गिऱ्हाइकं वाचून पलीकडच्या दुकानात जातात. काका त्यांना जाताना बघतात आणि काच पुसतात.

काल देवणीकडचे केरबा म्हणून एक गृहस्थ आले. साठीचे असतील. बैलाच्या औषधासाठी लातूरला आले होते. ते दुसरीकडून घेऊन, पिशवी सांभाळत आमच्याकडं आले. म्हणाले, "अन् सुनंच्या त्या गोळ्या द्या."

मी विचारलं, "पाळीचा कितवा दिवस आहे?"

"कुनाच्या?"

"सुनेच्या."

"आता हे मला कसं ठावं असंल, बाई? बैलाचं इचारा, सांगतो."

काका मागं खोकले. मी म्हणाले, आधी सुनेशी बोलावं लागेल. त्यांनी फोन लावला. "दुकानातल्या म्याडम हायेत, बोल," एवढं म्हणून मोबाइल घाईनं माझ्या हातात दिला.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं तिनं नीट दिली. चौथा विचारल्यावर थांबली.

"मामा तिथंच हायेत का?"

"हो."

"मग हाव, घ्यायच्यात म्हनते."

मी केरबांना म्हणाले, जरा बाहेर थांबता का. ते पायरी उतरून बैलाच्या औषधाची पिशवी पोटाशी धरून उभे राहिले. मी फोनवर म्हणाले, "गेले."

"मंग न्हाई घ्यायच्या. मागल्या साली घेतल्या तर लई गरगरलं. औंदा मी चार दिस बाजूला बसनार हाय. फुलोरा तळू द्या त्यांच्या लेकीला." ती हसली. "पर मी म्हनले म्हनू नका, ताई."

केरबा दारातून म्हणाले, "काय म्हनली?"

मी म्हणाले, "डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, काका. कायदा आहे."

"कायदा? कवापासून?"

"लई दिसांपासून," वैजनाथकाका म्हणाले.

हा कायदा मी परीक्षेसाठी पाठ केला होता, कलमासकट. त्याच्या आड एखाद्या बाईला उभं राहता येतं, हे काल बघितलं.

सगळ्या तशा नसतात. आज एकीनं मला झापलं. "मला पाहिजेत म्हनून तर आले की. वर्षातून एकदा देवी येती, अन् मी कोपऱ्यात बसू? तू कोन मला इचारनारी?" चिठ्ठी नव्हती. काकांनी तिला सरकारी दवाखान्यात मॅडम किती वाजेपर्यंत बसतात ते सांगितलं. ती त्या बाजूला गेली की पलीकडच्या दुकानात, ते गर्दीत दिसलं नाही. मी तिच्याबद्दलही बराच वेळ विचार केला. तिचं उत्तर हो होतं आणि ते तिचंच होतं.

परवा गावी जाते. आईचा फोन आला होता. "औंदा सगळं तुझ्यावरच हाय. तारखेचं बघून ठेव. तुला काय, हातातच गोळ्या."

घरी दादासमोर काय बोलायचं, ते ठरवलं आहे. बोलेन की नाही, माहीत नाही. दोन दिवाळ्या, दोन संक्रांती झाल्या. प्रत्येक वेळी ठरवूनच गेले होते.

अक्षरा

गावाहून, १ सप्टेंबर, संध्याकाळ

वहिनी,

काल महालक्ष्म्या आल्या आणि काल दुपारीच मला पाळी आली. गोळ्या घेतल्या नव्हत्या. घ्यायच्या नव्हत्या, म्हणून.

आईनं कपाळावर हात मारला. मग पदर खोचला आणि काकूला, शेजारच्या दोघींना बोलावून आणलं. मी मागच्या खोलीच्या दारात चटई टाकून बसले. तिथून स्वयंपाकघर अर्धं दिसतं आणि पुढचं दार सगळं. तू तिथं बसायचीस तेव्हा तुला काय दिसायचं, हे मला पहिल्यांदा कळलं. सगळ्यांचे हात दिसतात. चेहरे दिसत नाहीत.

आज सकाळी सोळा भाज्या निवडताना सिंधुकाकू म्हणाली, "औषधाच्या कालेजात असून हिला गोळी मिळंना व्हय गं?"

शेजारची म्हणाली, "डाक्टर व्हायली म्हनं ना ही?"

"डाक्टर कुठली. कंपाउंडर."

सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. आई पुरणयंत्र फिरवत होती. म्हणाली, "गोळ्याचं नाव नका काढू माझ्या घरात. एकीनं मनानं खाल्ल्या, तेवढं बस झालं."

दादा पुढच्या दाराला केळीचे खांब बांधत होता. त्याला ऐकू जात होतं.

मी म्हणाले, "वहिनीनं नाही आणल्या. मी आणल्या."

आई म्हणाली, "तू गप बस."

"तू सांगितलंस आणि मी आणल्या. दिवस वर गेलेत, थांबू का, असं ती मला म्हणाली होती. मी म्हणाले, आजच सुरू कर. माझं ऐकून घेतल्या तिनं."

पुरणयंत्र थांबलं. काकू म्हणाली, "अगं, सणाच्या दिशी काय हे…"

दादा आत आला. हातात सुतळी होती. मला म्हणाला, "तुला ठावं होतं?"

"हो."

"अन् हिला?"

मी आईकडं बघितलं नाही. आईच बोलली. "चार बाया समोर बसल्या होत्या, आदिनाथ. म्या सांगितलं म्हनून लेकरू गेलं, असं म्हनायचं होतं का मी?"

दादा म्हणाला, "हाव."

एवढंच म्हणाला. सुतळी खाली ठेवली आणि चप्पल घालून बाहेर गेला. एक खांब बांधलेला होता, दुसरा भिंतीला टेकवलेला. तो नंतर शेजारच्या काकांनी बांधला.

पूजा वेळेवर झाली. सवाष्णी जेवल्या. पुरण उरलं नाही. दादा नैवेद्याला आला, पाटावर बसला, उठून गेला. आई दिवसभर माझ्या दारावरून पाचसहा वेळा गेली. माझ्याकडं बघितलं नाही, पण दुपारी पाण्याचा तांब्या माझ्या हाताला येईल असा ठेवून गेली.

माझं ताट सिंधुकाकूनं आणलं. ठेवून लगेच गेली नाही. उंबऱ्यावर टेकली, मागं बघितलं, आणि हळू म्हणाली, "किती दिस वर गेले म्हंजे थांबायचं असतं गं?" तिच्या सुनेच्या लग्नाला दीड वर्ष झालंय. मी सांगितलं. घरच्या घरी कसं तपासायचं, तेही सांगितलं. तिनं दोनदा विचारून घेतलं. जाताना म्हणाली, "कंपाउंडर म्हनले म्हनून राग धरू नको."

तुझ्याबद्दल या घरात जे म्हटलं गेलं, ते आज याच घरात, बायकांसमोर आणि दादासमोर खोडलं. तेव्हा जेवढ्या बायका होत्या तेवढ्या आज नव्हत्या. राहिलेल्यांना काकू सांगेल, त्याची मला काळजी नाही. पण आज मी जी वाक्यं बोलले, त्या सगळ्यांना मिळून एक मिनिटही लागलं नाही. ट्रे हातात असतानाही तेवढंच लागलं असतं.

तू मला लिही असं म्हणत नाही. पत्र उद्या रेणापूरला टाकते.

अक्षरा

२ सप्टेंबर, सकाळ

दादानं आज सकाळी अंगणातून तुला फोन लावला आणि तू उचललास. तुझ्या बाजूचं तुला माहीत. माझ्या दारातून दिसलं ते असं: तो सुरुवातीला थोडं बोलला, मग बराच वेळ नुसता ऐकत उभा होता. आत येऊन आईला म्हणाला, "दीपमालाची बारावीची मार्कशीट अन् टीसी कपाटात हाय, ती दे. तिकडं अंगणवाडी सेविकेची भरती निघालीय. शुक्रवारपर्यंत अर्ज करायचाय." आईनं कमरेची किल्ली काढून दिली. त्यानं कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि साडेआठच्या गाडीनं भोकरला निघाला.